शिल्लक पाच

“सही करनार न्हाई,” शेडगे म्हणाले. पेनाला टोपण लावून त्यांनी ते टेबलावरून उपासनी साहेबांकडे सरकवलं.

साहेबांनी ते परत सरकवलं. “नीट वाचलंत का? यात वाईट काही नाही. ‘अनवधानाने’ असं लिहिलंय. मुद्दाम केलं, असं कुठे म्हटलंय?”

“अनवधान म्हंजे?”

“म्हणजे लक्ष नव्हतं.”

“लक्ष व्हतं की,” शेडगे म्हणाले. “लक्ष व्हतं म्हनून तर भांडन हाय.”

मी खिडकीपाशी उभी होते आणि मनातून चिडलेली होते. साहेबांवर नाही, शेडग्यांवर. पहाटेपासून दोन एसट्या बदलून आम्ही त्या डोंगरावर आलो होतो, कारण कार्यालयाची जीप महिन्याभरापासून विधानसभेच्या निवडणुकीला लागली होती. मला वाटत होतं की या माणसाने मुकाट्याने सही केली, तर तीनची गाडी मिळेल.

ते केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. खाली धरणाचं पाणी, वर कातळ. एका खोलीत जमिनीत पुरलेला भूकंपमापक, दुसऱ्या खोलीत त्याला जोडलेला संगणक. जमीन हलली की संगणकाच्या पडद्यावरची रेघ थरथरायची आणि तीच रेघ डिस्कवर साठवली जायची. महिपती शेडगे तिथले निरीक्षक. वय चोपन्न, शिक्षण नववी, नोकरी एकवीस वर्षं, तीही रोजंदारीवर. त्यांचं काम एवढंच, की यंत्र चालू आहे ना ते बघायचं आणि दिवसातून तीनदा रजिस्टरमध्ये नोंद करायची. मी हेमांगी देवस्थळी, वय सव्वीस, पुण्याच्या मुख्य कार्यालयात प्रोग्रामर. उपासनी साहेब माझे वरिष्ठ आणि या चौकशीचे प्रमुख.

चौकशी कशाची, तर न झालेल्या भूकंपाची. आदल्या गुरुवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी धक्का बसला, असं शेडग्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. त्याच धक्क्याने गावच्या शाळेच्या भिंतीला तडा गेला, असं गाव म्हणत होतं. आम्ही पुण्याहून त्या वेळची फाइल मागवली, तर फाइलच नव्हती. गुरुवारची नाही, बुधवारची नाही, सोमवारचीही नाही. रविवार दुपारनंतर डिस्कवर अक्षरही उमटलेलं नव्हतं. शेजारचं केंद्र दुरुस्तीसाठी बंद होतं आणि लांबच्या केंद्रांवर जे पुसटसं दिसत होतं, तो साहेबांच्या मते दगडखाणीतला सुरुंग होता.

त्यात शेडगे निघाले शाळा समितीवर. मग काय, साहेबांनी दोन अधिक दोन चार केले. नवी इमारत हवी म्हणून शेडग्यांनी यंत्र बंद ठेवलं आणि वहीत धक्का पाडला. टाइप करून आणलेल्या कागदावर दोनच वाक्यं होती. एक, माझ्या अनवधानाने यंत्राची नोंद बंद पडली. दोन, रजिस्टरमधील गुरुवारची नोंद मी ऐकीव माहितीवरून केली. सही केली तर समज देऊन सोडणार. नाही केली तर खोट्या नोंदीबद्दल त्या दिवसापासून घरी.

“पहिलं वाक्य एक वेळ खोडून देतो,” साहेब म्हणाले. “दुसऱ्यावर सही करा.”

“दुसरंच तर खोटं हाय, सायेब. ऐकीव कसलं? मी हितं बसलोवतो, या खुर्चीत. रेघ फुटली ती या डोळ्यांनी बघितली. पयली लाट आली, मग दुसरी. मधी दीड सेकंद. ते बी लिवलंय.”

“रेघ दिसली तर साठली का नाही?”

“ते मला काय ठावं? ते या मॅडमना इचारा. आकडा त्येंचाच हाय.”

झालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आकडा माझाच होता, हे खरं. आमच्या चौदा केंद्रांवरच्या संगणकांसाठी मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. डिस्कवर किती टक्के जागा उरली आहे, हे तो दर मिनिटाला संगणकालाच विचारायचा आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दाखवायचा. शिल्लक ४०. शिल्लक ३९. निरीक्षक बहुतेक शेडग्यांसारखेच, म्हणून सगळं मराठीत. नियमही सोपा. दर तीन महिन्यांनी जीप येऊन साठलेला माल घेऊन जाईल आणि डिस्क मोकळी करेल. पण मध्येच शिल्लक तीनच्या खाली गेली, तर पुण्याला फोन करायचा. हा तीनही मीच ठरवला होता. त्या प्रोग्रामबद्दल मला वार्षिक बैठकीत नारळ आणि शाल मिळाली होती, आणि ती शाल मी आईला नेऊन दाखवली होती. इतकी मी त्यावर खूश होते.

“आकड्याचं काय झालं, शेडगे?” मी विचारलं. आवाज चांगलाच चढला होता.

“तुमचा आकडा खोटं बोलतोय, मॅडम.”

“संगणक खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.”

“आसंल,” ते म्हणाले. “पर त्याला बोलायला कुनी तरी शिकिवलं आसंलच की.”

साहेब हसले. ते हसले म्हणून मी आणखी पेटले.

शेडग्यांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडं केलं. जाडजूड पुठ्ठ्याचं, प्रत्येक पानावर छापील नंबर. पहिल्या पानावर कार्यालयाचा शिक्का आणि ‘या नोंदवहीत एकूण २०० पाने आहेत’ असा दाखला. त्यामुळे एकही पान फाडायची सोय नाही. अक्षर शाळकरी, पण स्वच्छ. शनिवार सकाळ, शिल्लक ६. शनिवार संध्याकाळ, शिल्लक ६. रविवार सकाळ, शिल्लक ६. रविवार दुपार, शिल्लक ५. रविवार संध्याकाळ ५. सोमवारी तिन्ही वेळा ५. मंगळवारी तिन्ही वेळा ५.

“रोज एक उतरायचा,” शेडगे म्हणाले. “कधी सव्वा दिसानं, कधी दीड. पर उतरायचा. हितं येऊन बसला त्यो बसलाच. आडेल बैलावानी.”

“बसला तर बसला. पाच शिल्लक म्हणजे पाच शिल्लक. डिस्कवर जागा होती. जागा असताना नोंद झाली नाही, म्हणजे कुणी तरी नोंद बंद केली. सरळ आहे.”

हे बोलताना माझी नजर त्या पानाच्या खालच्या ओळीवर गेली आणि मी घाईने पान उलटलं. त्या ओळीत काय होतं ते पुढे सांगते. तेव्हा मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, एवढं खरं.

तेवढ्यात शेडग्यांच्या घरून चहा आला. त्यांच्या पत्नी स्वतः किटली घेऊन टेकडी चढून आल्या होत्या. कप भरता भरता त्यांनी साहेबांना थेट विचारलं, “सुरुंग व्हता म्हनं?”

“तशी शक्यता आहे, बाई.”

“ही खान बगा पल्याड. रोजच्याला दोन सुरुंग उडत्यात. वीस वर्सं ऐकतीया. सुरुंगानं कदी माजी उतरंड पडली न्हाई. बेस्तरवारी पडली. तीन मडकी फुटली. खापरं दावू का?”

“मडकी कशानंही फुटतात,” साहेब म्हणाले.

“व्हय,” बाई म्हणाल्या. “अन् मान्सं बी.” किटली उचलून त्या निघून गेल्या. कप न्यायला थांबल्या नाहीत.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मला म्हणाले, “देवस्थळी, यांच्यासमोरच दाखवून टाका. डिस्कवर काही तरी लिहा. लिहिलं गेलं की विषय संपला.”

गुरुवारनंतर यंत्राला कुणी हात लावायचा नाही, असा आमचाच फोन होता आणि शेडग्यांनी तो अक्षरशः पाळला होता. संगणक होता तसाच होता. पडद्यावर रेघ शांत सरकत होती आणि कोपऱ्यात माझा आकडा झळकत होता. शिल्लक ५.

मी खुर्चीत बसले. सवयीने ‘रूट’ म्हणून शिरले. रूट म्हणजे संगणकाच्या मालकाचं खातं, त्याचा परवलीचा शब्द फक्त आम्हा मुख्य कार्यालयवाल्यांकडे. एक मोठी फाइल घेतली आणि तिची प्रत त्याच डिस्कवर केली. पाच-सहा सेकंद लागले. प्रत झाली. उघडून दाखवली. जागच्या जागी, पुरी, धडधाकट.

“बघा,” मी म्हणाले. “झालं ना? डिस्क पण ठीक, जागा पण ठीक.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढून दिलं. “आता तरी?”

शेडग्यांनी पेन बाजूला ठेवलं. मग मला म्हणाले, “ह्ये तुमी लिवलंत, मॅडम. आता मला लिवू द्या.”

“म्हणजे?”

“तुमी तुमच्या नावानं आत गेलाव. यंतर माज्या नावानं लिवतं. मला लिवून बघू द्या की.”

मला हसू आलं. म्हटलं, हौस फिटू दे. मी रूटमधून बाहेर आले आणि उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी दोन बोटांनी आपलं नाव टाइप केलं, निरीक्षकाचं खातं उघडलं. त्याच खात्याखाली नोंदणीचा प्रोग्राम चालायचा, हे त्यांना बरोबर माहीत होतं. मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. तीच फाइल, तीच डिस्क, तीच आज्ञा. शेवटी एंटर.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

“काय म्हनतंय?” शेडग्यांनी विचारलं.

साहेब पुढे वाकले आणि त्यांनी ओळ वाचली. “जागा शिल्लक नाही म्हणतंय.”

“अन् वर?”

वर कोपऱ्यात माझी मोठी, ठळक, मराठी अक्षरं. शिल्लक ५.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी म्हटलं, “उठा जरा.” ते उठले. मी बसले आणि माझाच प्रोग्राम उघडला. सगळा मिळून सव्वाशे ओळींचा. मला हवी ती ओळ शोधावीही लागली नाही. बोट थेट तिच्यावर गेलं.

प्रोग्रामने विचारलं की संगणक एक छोटा तक्ता हातात देतो. त्यात एकूण जागा असते, आणि उरलेल्या जागेचे दोन वेगळे आकडे असतात. एकाचं नाव फ्री, दुसऱ्याचं अव्हेलेबल. डिस्क अगदी भरून संगणकच ठप्प होऊ नये, म्हणून शेवटचे पाच टक्के मालकासाठी राखून ठेवलेले असतात. पहिल्या आकड्यात ते धरलेले असतात, दुसऱ्यात नसतात. रूटला पहिला आकडा लागू, बाकीच्यांना दुसरा. हे माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण कार्यालयाचा हुकूम होता की सगळं मराठीत करा. म्हणून मी आधी वहीत दोन रकाने पाडून शब्द लावत बसले होते. फ्री म्हणजे शिल्लक. अव्हेलेबल म्हणजे, कोशात पाहिलं, तर उपलब्ध, शिल्लक. मग माझ्याच अकलेने ठरवलं, एकाच अर्थाचे दोन आकडे कशाला? दुसरा खोडला आणि पहिला घेतला.

पाच टक्के मालकाचे. म्हणजे शेडग्यांच्या खात्यापुरती शिल्लक रविवारी दुपारीच शून्य झाली होती. नोंदणीचा प्रोग्राम तेव्हापासून लिहायला जात होता आणि मार खाऊन परत येत होता, बिनबोभाट. पडद्यावरची रेघ थेट मापकातून येते, म्हणून ती चालूच होती. आणि माझा आकडा तिथून खाली सरकणारच नव्हता. मी नियम केला होता तीनचा. तो तीनला कधीच जाणार नव्हता. चौदाही केंद्रांवर.

मी हे दोघांना सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, पण शेडग्यांना एका दमात कळलं.

“म्हंजे यष्टीतली आमदाराची शीट,” ते म्हणाले. “कंडाक्टर मोजतो, पाच जागा रिकाम्या. पर आपन बसायचं न्हाई.”

“हो. तसंच.”

“यष्टीत तरी आमदार न्हाई आला तर बसू देत्यात,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. त्या हसण्यात माझी टिंगल नव्हती. सुटका होती. आठवडाभर अख्ख्या कार्यालयाने ज्याला खोटारडा म्हटलं, तो माणूस पाठ टेकून बसला आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायला. मला रडू आलं असतं, पण साहेब तिथे होते.

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. पत्र्याच्या सावलीत उभे राहिलो.

“हेमांगी,” ते हळू म्हणाले. एकटे असलो की ते मला नावानेच हाक मारायचे. “तुला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो? चौदा केंद्रं. दोन वर्षांचा डेटा. कुठे कुठे नोंदी तुटल्यात देव जाणे. सगळ्यांना शंका येणार. तुझं काय होईल ते वेगळंच.”

“कळतंय.”

“प्रोग्राम दुरुस्त कर. गुपचूप सगळीकडे बदलून टाक. आठ दिवसांचं काम. अहवालात मी लिहितो, तांत्रिक बिघाड, आणि निरीक्षकाने तो वेळेवर कळवला नाही. खोटी नोंद वगैरे काढून टाकतो. शेडग्यांची नोकरी शाबूत राहील. मग तर झालं?”

“आणि धक्का?”

“धक्क्याला पुरावा नाही. फाइल नाही, तर धक्का नाही.”

“दीड सेकंदाचं अंतर लिहिलंय त्यांनी. तुम्हीच शिकवलंत मला, दोन लाटांमध्ये दीड सेकंद म्हणजे बारा किलोमीटर. खाण इथून तीनवर आहे. मग सुरुंग कसा?”

“अगं, वहीत आकडा कुणीही लिहील.”

“पण त्यांनी वेळेवर कळवलं होतं, साहेब.”

“कुणाला?”

तोंड उघडायच्या आधी एक क्षण गेला. तो क्षण मी आजही विसरलेले नाही, कारण त्या क्षणी मला गप्प बसावंसं वाटलं होतं. अगदी मनापासून वाटलं होतं.

“मला,” मी म्हणाले. “मंगळवारी दुपारी फोन आला होता.”

मी जेवायला निघाले होते, तेव्हा तो आला. पलीकडून शेडगे म्हणत होते, मॅडम, आकडा पाचावर अडाकलाय, काय तरी बिघाडलंय, बघा जरा. मी म्हटलं, शेडगे, नियम काय आहे? तीन. पाच हे तीनपेक्षा जास्त की कमी? ते म्हणाले, जास्त. मी म्हटलं, मग फोन कशाला केलात? आणि ठेवून दिला. डबा खाताना मैत्रिणीला त्यांची नक्कलही करून दाखवली. तिसऱ्या दिवशी गुरुवार उजाडला.

शेडग्यांनी चौकशीत याचं नाव काढलं नव्हतं. पण रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, कारण जे घडलं ते लिहायचं, हीच त्यांची नोकरी. पानाच्या खालच्या ओळीत: दुपारी १-१०. पुण्यास फोन. देवस्थळी मॅडम म्हणाल्या, पाच हे तीनपेक्षा जास्त आहे.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “हे रजिस्टर आपण बरोबर नेतोय. ते फक्त मी वाचणार आहे. तू आत्ता जे बोललीस, ते मी ऐकलेलं नाही. चल.”

“नाही, साहेब.”

“काय नाही?”

“तुम्ही ऐकलंत.”

मी आत गेले. टेबलावर तो टाइप केलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. तो बाजूला केला, रजिस्टर ओढलं आणि मंगळवारचं पान उघडलं. शेडग्यांच्या ओळीखाली बोटभर जागा होती. साहेब दारातून म्हणाले, “देवस्थळी, रजिस्टरमध्ये निरीक्षकाशिवाय कुणी लिहायचं नसतं.” मी लिहीत राहिले. वरील नोंद खरी आहे. फोन मीच घेतला होता. जागेचा आकडा चुकीचा दाखवणारा प्रोग्राम माझा आहे. निरीक्षकांनी बिघाड ओळखला होता, मी ओळखला नाही. खाली नाव, हुद्दा, तारीख, वेळ. मग गुरुवारचं पान काढलं आणि दहा-सतराच्या नोंदीखाली लिहिलं: ही नोंद यंत्रासमोर बसून, डोळ्यांनी पाहून केलेली आहे. यंत्र त्या वेळी लिहू शकत नव्हतं. पुन्हा सही.

दोन्ही सह्या मी रागाने केल्या. आता तो राग शेडग्यांवर नव्हता.

“तू काय करून बसलीस, कळतंय का?” साहेब ओरडले. “हे पान आता फाडताही येत नाही!”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “म्हणूनच इथे लिहिलं.”

शेडगे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी रजिस्टर जवळ घेतलं आणि माझा मजकूर ओठ हलवत वाचला. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा एकदा वाचला.

“मॅडम, एक ऱ्हायलं,” ते म्हणाले.

“काय?”

“आजची शिल्लक. दुपारची नोंद व्हायचीय.” त्यांनी पडद्याकडे मान वळवली. “काय लिवू? पाच का शून्य?”

“शून्य,” मी म्हणाले.

ते बसले आणि त्यांनी शून्य लिहिलं. तीनची गाडी चुकली. पाचच्या गाडीत उपासनी साहेब खिडकीकडे तोंड करून बसले, ते पुण्यापर्यंत.

पुढचं थोडक्यात सांगते. चौदांपैकी चार केंद्रांवर अशाच तुटलेल्या नोंदी निघाल्या. मला मेमो मिळाला. मी तो वाचला आणि उत्तरात ‘मान्य’ एवढाच शब्द लिहिला. सगळ्यांना वाटलं, आता ही राजीनामा देईल. मी दिला नाही. मग मला प्रोग्रामिंगमधून उचलून सूची विभागात टाकलं. म्हणजे तळमजल्यावर, जुन्या धक्क्यांच्या याद्या नीट लावत बसायचं. तिथे पाठवलेला माणूस सहा महिन्यांत कंटाळून नोकरी सोडतो, असा लौकिक होता. आता मी त्या विभागाची प्रमुख आहे.

शेडगे साठ वर्षांचे होईपर्यंत त्याच खुर्चीत बसले. त्यांना काढायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ते गेले त्यालाही आता चार वर्षं झाली.

आमची सूची दरवर्षी छापली जाते. तारीख, वेळ, ठिकाण, तीव्रता, आणि शेवटच्या रकान्यात कोणत्या यंत्राने नोंदला त्याचं नाव. हजारो ओळी. त्या वर्षाच्या यादीत एका गुरुवारची एक ओळ आहे. वेळ दहा-सतरा, अंतर बारा किलोमीटर, तीव्रतेच्या जागी रेघ. ती ओळ काढावी, असं मला आजवर तीनदा लेखी कळवण्यात आलं आहे. फाइल नसलेला धक्का यादीत ठेवता येत नाही, म्हणून. तिन्ही वेळा मी ते पत्र दप्तरी लावलं आणि ओळ ठेवली.

गेल्या महिन्यात नवे संचालक स्वतः तळमजल्यावर उतरले. तरुण आहेत, हुशार आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, या शेवटच्या रकान्यात यंत्राचं नाव लागतं. तुम्ही ‘महिपती शेडगे’ लिहिलंय.”

“हो,” मी म्हटलं. “त्या दिवशी तिथे जे चालू होतं, त्याचंच नाव लिहिलंय.”